एक आचार, दोन चुली

हिवाळ्यात कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू होतात. या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरात. इथले रवे अहमदाबादच्या पेढ्यांवर उतरतात आणि तेथील घराघरांत तुरीच्या डाळीत विरघळतात. ज्या शहराच्या गुळावर अहमदाबादचे वरण गोड होते, त्या शहराची स्वतःची ख्याती मात्र तिखटाची आहे. दोन्ही नगरांत जैनांची जुनी वस्ती आहे. कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन हे नियमही दोन्हीकडे परिचित आहेत. तरीही ताटे निराळी आहेत. काय खाऊ नये हे आचार सांगतो. काय खावे हे जमीन, हवा आणि धंदा ठरवतो.

इ.स. १४११ मध्ये वसलेले अहमदाबाद हे पेढीचे नगर. पोळींतल्या जुन्या घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारी टांकी असत आणि स्वयंपाकाला तेच पाणी वापरीत. श्वेतांबर घरांत बीज, पाचम, आठम, एकादशी आणि चौदस या तिथींना हिरवी भाजी शिजत नाही. त्यामुळे मूग, चणे, वाल, पापड, शेव यांच्यावर तेथील गृहिणींनी अपार कल्पकता खर्च केली. बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने घेतली, लसणाची हिंगाने. कडधान्याशी कच्चे दही मिसळले तर द्विदळाचा दोष लागतो, म्हणून कढीसाठी दही आधी तापवतात आणि मग त्यात बेसन घालतात. चैत्र व आश्विन महिन्यांतील ओळीत नऊ दिवस आयंबिल चालते. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांवाचून एकवेळचे जेवण शिजवणे ही तेथे स्वतंत्र विद्याच झाली आहे.

कोल्हापूरच्या परिसरातील दिगंबर समाज व्यापाराइतकाच शेतीत रुजलेला. त्याच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि दही. शहराचे नाव कांदा-लसूण मसाल्याने गाजले. या घरांनी मात्र लाल मिरची, सुके खोबरे, तीळ आणि धणे यांवरच तो झणका साधला. आले व ओली हळद वर्ज्य, तरी सुंठ आणि सुकी हळद चालते, आणि हळदीची मोठी पेठ सांगली शेजारीच आहे. सणाला दोन्ही शहरांत पुरण शिजते. अहमदाबादेत ते तुरीच्या डाळीचे, कोल्हापुरात हरभऱ्याच्या डाळीचे. त्याच्या मागून येणारी कटाची आमटी ही कोल्हापूरची मिरास.

साधूंच्या आहारचर्येनेही या चुलींना वेगवेगळे वळण दिले. श्वेतांबर साधू-साध्वी पात्रे घेऊन गोचरीला निघतात आणि घरात जे शिजले असेल त्यातले थोडे घेतात. म्हणून रोजचाच स्वयंपाक निर्दोष असावा लागतो. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. त्यासाठी शुद्ध चौका मांडतात आणि दाराशी उभे राहून पडगाहन करतात. पिठाचीही मर्यादा पाळतात: पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस.

आज दोन्ही चुलींची कसोटी दुकानाच्या वेळेने लागते आहे. डिसेंबरात दोन्हीकडे सहाच्या आगेमागे सूर्य मावळतो आणि गिऱ्हाइकांची गर्दी तेव्हाच वाढते. अहमदाबादेत माणेकचौकातला दिवसाचा सराफा आवरला की रात्री तेथे खाण्याच्या गाड्या लागतात. त्यांवर जैन पावभाजीही मिळते. पण ती मिळू लागते तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांचे जेवण केव्हाच उरकलेले असते. पदार्थ जैन झाला, वेळ मात्र झाली नाही.

गल्ल्याजवळच्या डब्यात खाखरा अनेक दिवस टिकतो. भाकरी मात्र तव्यावरून ताटात यावी लागते. व्यापाराचे तास लांबले तसा टिकाऊ पदार्थ पुढे सरकला आणि ताजा मागे पडला. दक्षिण महाराष्ट्रातील लग्नांतही आता ‘जैन भोजन’ म्हणजे ढोकळा, खांडवी आणि केळ्याची पावभाजी असे समीकरण होऊ लागले आहे. ते पदार्थ उत्तमच आहेत. अहमदाबादने ते पिढ्यान्‌पिढ्या घडवले आहेत. पण त्याच पंगतीत उसळ, कटाची आमटी आणि बिनलसणाची चटणी नसेल, तर घरच्या मुलांना आपला आचार इथल्या मातीतही तितकाच चवदार झाला होता, हे कळणार कसे?

उपाय फार अवघड नाही. आजीच्या चटणीचे प्रमाण वहीत उतरवावे, पंगतीत एक पदार्थ आपल्या गावचा असावा आणि आठवड्यातून एकदा तरी दिवस मावळण्यापूर्वी दुकानाची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवून घरच्यांसोबत गरम भाकरीवर बसावे. कोल्हापूरचा गूळ अहमदाबादेत जाऊन तेथील ताटाचा झाला. त्या गुळाच्या गावानेही आपले ताट राखावे, एवढेच.