रद्दीतल्या गोष्टी

आम्ही तिघं भावंडं मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूच्या एका गावात वाढलो. अब्बांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, तीत जुने दिवाळी अंक असत. साखर-डाळ बांधली जाण्याआधी त्यातल्या गोष्टी आम्ही वाचून काढायचो. कधी शेवटचं पान गिऱ्हाइकाबरोबर निघून गेलेलं असे. मग रात्री अंथरुणात पडून तो शेवट आपापल्या परीनं जुळवायचा आणि त्यावरून भांडायचं.

अब्बा म्हणत, "खोट्या गोष्टी वाचून कुणाचं भलं झालंय? हिशेब शिका." अम्मीला वाचता येत नव्हतं; पण चित्राचं पान दिसलं की ती ते तांदळाच्या डब्याखाली आमच्यासाठी सारून ठेवी.

शाळेत गुरुजींनी सिद्धगडाची हकीकत सांगितली. 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. हिराजींचे वडील गोमाजी पाटीलही त्याच लढ्यात होते. बाकीच्या मुलांनी तारीख पाठ केली. आम्हाला वेगळंच सुचलं. मुलगा गेल्याचं बापाला कुणी सांगितलं असेल? त्या रात्री त्या घरात चूल पेटली असेल का? हे प्रश्न विचारायची सवय आम्हाला रद्दीतल्या गोष्टींनीच लावली होती.

पुढे हमीद दलवाईंची 'इंधन' (1965) ही कादंबरी हाती आली. दलवाईंच्या मतांवरून आमच्या घरात कडाक्याचे वाद झाले, आजही होतात. पण कोकणातल्या गावातली आपली माणसं, त्यांचे शेजारी, त्यांची माया आणि त्यांचे हेवेदावे मराठीत छापलेले पाहून आम्ही चकित झालो. त्यात कुणी फरिश्ता नव्हता, कुणी सैतान नव्हता. कथेतून का होईना, ज्यानं शेजाऱ्याच्या घरात डोकावून पाहिलं, त्याला शेजाऱ्याविरुद्ध भडकवणं सोपं जात नाही. निदान तो क्षणभर थांबतो, असा आमचा अनुभव आहे.

अम्मी गेली. काही वर्षांनी अब्बांची नजरही गेली. वेळ जात नाही म्हणाले, म्हणून धाकटीनं प्रेमचंदांची 'ईदगाह' मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. जत्रेत बाकीची मुलं खेळणी, मिठाई घेतात. छोटा हमीद मात्र आपल्या तीन पैशांत चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना दादीची बोटं भाजतात.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्या अम्मीकडे चिमटा होता का रे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अम्मी तांदळाची भाकरी हातानंच उलटायची. ते आम्ही तिघांनीही रोज पाहिलं होतं.

"नव्हता, अब्बा."

आयुष्यभर हिशेब लिहिलेला तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. थोड्या वेळानं धाकटीला म्हणाला, "बेटी, पुन्हा वाच."