सर्कस आली तर उतरणार कुठे?

विरारमध्ये मोठी सर्कस शेवटची कधी पाहिलीत, आठवतंय का? घरात विचारून बघा. चाळिशीच्या वरचे लोक आधी मैदान सांगतील, मग वाघ-सिंह. दहा-बारा वर्षांची पोरं मोबाइलमध्ये शोधतील.

ही कला देशभर नेली ती आपल्या मराठी माणसाने. १८७९मध्ये कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. ती बघायला विष्णुपंत छत्रे गेले. मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे, संस्थानिकांच्या पदरी घोडे तयार करणारे. ‘तुम्हा लोकांना हे जमायला अजून वेळ आहे’, असं कियारिनी म्हणाला आणि पंतांनी ते मनावर घेतलं, असं सांगतात. १८८०च्या सुमारास त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. पुढे ती केरळात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन या कसरतीच्या शिक्षकाशी गाठ पडली आणि त्या गावातून कलाकारांच्या पिढ्या तयार झाल्या. पुण्याचे दामू धोत्रे तर १९४०च्या दशकात अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये वाघ-बिबळ्यांचे खेळ करत होते.

मग सर्कस संपली कशाने? ‘प्राणी गेले म्हणून’, हे ठरलेलं उत्तर. १९९८मध्ये केंद्राने वाघ, सिंह, अस्वल, माकडांच्या खेळांवर बंदी घातली, २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०११मध्ये लहान मुलांना सर्कशीत राबवण्यावरही न्यायालयाने बंदी आणली. माझ्या मते दोन्ही योग्यच झालं. चाबकाच्या धाकाने बसणारा सिंह आणि शाळा सोडून झुल्यावर लटकणारं पोर, यात करमणूक कसली? आणि प्राण्यांशिवाय सर्कस चालत नाही म्हणावं, तर तीच रिंगलिंग २०१७मध्ये बंद पडून २०२३मध्ये एकाही प्राण्याशिवाय परत उभी राहिली. आपली रॅम्बो सर्कस २०२०च्या लॉकडाउनमध्ये ऐरोलीत अडकली, तेव्हा त्या लोकांनी ऑनलाइन खेळ करून दाखवला. म्हणजे दम अजून आहे.

काही वर्षांपूर्वी एका सर्कशीचा माणूस जागा शोधत आमच्या कार्यालयात आला होता. केरळचा, हिंदी मोडकी-तोडकी. म्हणाला, “सर, परमिशन मैं लाएगा, आप खाली ग्राउंड दिखाओ.” पोलीस, अग्निशमन, वीज, पाणी, सगळ्याची त्याची तयारी होती. तंबू, कलाकारांच्या राहुट्या, स्वयंपाकघर, ट्रक, एवढं सगळं महिनाभर मावेल अशी मोकळी जागा त्याला हवी होती. आम्ही दोघं बाइकवरून दुपारभर फिरलो. मला आठवत होती त्या मैदानांपैकी एकावर टॉवर, दुसऱ्यावर पार्किंग, तिसऱ्यावर डेब्रिज. संध्याकाळी वडापाव खाऊन तो लोकल पकडून निघून गेला.

२००९मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून आपली महापालिका झाली. २०११च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. आज किती असेल, याचा अंदाज विरार लोकलमध्ये लटकणाऱ्या प्रत्येकाला आहे. एवढ्या माणसांना महिनाभर एकत्र जमता येईल अशी जागा सांगा बघू!

सर्कस नाही आली तर कुणाचं काय अडतं, असं कुणी म्हणेल. पण जिथे सर्कशीचा तंबू लागत नाही, तिथे पोरांची क्रिकेटची मॅच होत नाही, पुस्तकांचं प्रदर्शन भरत नाही, आणि पूर आला तर माणसं हलवायला जागाही उरत नाही. मैदान गेल्याचा हिशोब कुठल्याच फायलीत लागत नाही, कारण ते एका दिवसात जात नाही. आज एक कोपरा, उद्या कंपाउंड, परवा बोर्ड.

तेव्हा एक काम करा. तुमच्या प्रभागात विकास आराखड्यात मैदान म्हणून आरक्षित असलेला भूखंड कुठे आहे आणि आज तिथे काय उभं आहे, ते कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर उत्तम. यादी झाली की ती घेऊन नगरसेवकांच्या दारात जाऊ. मी येतो, तुम्हीही या.