झिरो एट की झिरो नाइनर?

सोमवारी सकाळची दिल्ली फ्लाइट पकडणाऱ्या मंडळींना ‘वुई आर नंबर सिक्स फॉर डिपार्चर’ हे कॅप्टनचं वाक्य एव्हाना पाठ झालेलं असतं. आपण घड्याळ बघतो, बॉसला मेसेज टाकतो आणि डोळे मिटून घेतो. पण कॉकपिट आणि टॉवरची ही भाषा मुंबईच्या रस्त्यांवरूनही वाचता येते, राव! तिकीट लागत नाही. रविवारी सकाळी बाईक काढायची आणि जुहू ते जरीमरी अशी चक्कर मारायची. मी गेली चार-पाच वर्षं हे करतोय, अजून कंटाळा आलेला नाही.

सुरुवात हायवेवर, पार्ल्यापाशी. विमान डोक्यावरून समुद्राकडे झेपावलं की समजायचं, आज ‘टू सेव्हन’ चालू आहे. रनवेच्या नंबरांचा फंडा सोपा आहे. होकायंत्रावर रनवेची दिशा बघा आणि शेवटचा आकडा सोडून द्या. पूर्वेकडे तोंड, म्हणजे जवळपास ९० अंश, म्हणून ०९. तीच पट्टी उलट्या बाजूने २७० अंश, म्हणून २७. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. आपला वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो, म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतात आणि जुहूवरून बाहेर पडतात. दुसरी पट्टी आहे १४-३२, पण ती पहिलीला मध्येच छेदते. म्हणजे पट्ट्या दोन असल्या तरी दोन्हीवर एकदम मोकळेपणाने कारभार चालत नाही. तुमचा ‘नंबर सिक्स’ येतो तो इथून.

आता सरळ पश्चिमेला चला, जुहू एरोड्रोमकडे. १९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले होते. आज इथे मुख्यतः हेलिकॉप्टर्सची ये-जा असते. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला जाणारे लोक इथूनच जातात, आपण जशी लोकल पकडतो तसे. मेन रनवेचा नंबर ०८. समुद्रावरून येणाऱ्या पायलटच्या जागी बसून बघा. समोर एक पट्टी ०८, तिच्यामागे काही किलोमीटरवर जवळजवळ त्याच दिशेची दुसरी ०९. आधी दिसते ती छोटी, चुकीची.

आणि हे घडलंय! १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. काही दिवसांनी ते तिथून उडवून न्यावं लागलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ चं नशीब एवढं चांगलं नव्हतं. लंडनहून टोकियोला निघालेलं हे अवाढव्य विमान जुहूच्या आखूड पट्टीवर टेकलं, पट्टी संपली तरी थांबेना, पुढे घुसलं आणि कायमचं भंगारात गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. एरोड्रोमच्या भिंतीपाशी उभं राहून आजूबाजूच्या बिल्डिंगा बघितल्या की घशाला कोरड पडते.

म्हणूनच या भाषेत ‘साधारण’, ‘बहुतेक’ असलं काही चालत नाही. टॉवरने ‘झिरो नाइन’ सांगितलं की पायलटने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. याला म्हणतात रीडबॅक. नाइनचा उच्चारही ‘नाइनर’, कारण रेडिओच्या खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच ऐकू येतात. ‘रॉजर’ म्हणजे फक्त ‘ऐकलं’. ‘हो’ नाही! सांगितलं तसं करणार असाल तर ‘विल्को’. (ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे रॉजर असतात, विल्को शोधावा लागतो.)

आणि ते ‘डिपार्चर’? २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएमच्या जम्बोने परवानगी नसताना धाव घेतली. कॉकपिटमधून शब्द गेले ‘एट टेक-ऑफ’. कंट्रोलरला वाटलं, विमान सुरुवातीच्या जागी उभं आहे. त्याच रनवेवर पॅन-अ‍ॅमचं जम्बो होतं. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून रेडिओवर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना. बाकी सगळीकडे डिपार्चर. एका साध्या शब्दाला असं कुलूप घातलेलं मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात बघितलेलं नाही.

परत पूर्वेकडे या. वाटेत एटीसीचा नवा टॉवर लांबूनच दिसेल, तब्बल ८३.८ मीटर उंच. तिथून अंधेरी-कुर्ला रोडने जरीमरी. इथे विमानाचं पोट इतकं जवळून जातं की टायरवरची माती दिसेल असं वाटतं. आजूबाजूची पोरं मानही वर करत नाहीत. टपरीवाला चहा ओतता ओतता बोलायचा थांबतो, आवाज गेला की वाक्य तिथूनच पुढे सुरू!

बॅगेच्या टॅगवरचं ‘बीओएम’ तुम्ही बघितलं असेलच. १९९५ मध्ये शहराचं नाव मुंबई झालं, पण टॅगवर बॉम्बेच राहिलं. पायलट आणि एटीसीसाठी मात्र हा विमानतळ ‘व्हीएबीबी’ आहे, म्हणजे व्हिक्टर अल्फा ब्राव्हो ब्राव्हो. जुहू आहे ‘व्हीएजेजे’.

नशीब जोरावर असेल तर एखादं विमान खाली येता येता अचानक नाक वर करून गरजत निघून जाताना दिसेल. हा ‘गो-अराउंड’. आत बसलेले देवाचं नाव घेत असतात. खरं तर रनवेवर आधीचं विमान रेंगाळलेलं असतं किंवा वाऱ्याने खोडी काढलेली असते. पायलट वळसा घालून पुन्हा येतो. मागच्या जुलैत मी एका सकाळी दोन बघितले, दोन्ही धो-धो पावसात.

जायचं असेल तर आठच्या आत पोहोचा, नंतर साकीनाक्याचा ट्रॅफिक जीव खातो. आणि मोठी लेन्स घरीच ठेवा, नाहीतर पोलीस हटकणारच.