घातांक दोन पॉइंट एक

भाचीच्या प्रकल्पाला एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी दिलेला शेरा असा होता: ‘मूळ संकल्पना चुकीची. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलता येत नाही.’ आणि पहिला नंबर ज्या मॉडेलला गेला, त्यात गुरुत्वाकर्षणाचा नियम बदललेलाच होता. हे मी रागाने म्हणत नाही, हिशेब करून म्हणतोय. रागही आहे, तो वेगळा.

आम्ही चिखलोलीत राहतो, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधोमध. स्टेशन होणार, होणार म्हणता म्हणता भाची दहावीला आली. मी एमआयडीसीत व्हीएमसी मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, म्हणून सूत्रात खाली अंतराचा वर्ग. तिने ते पाठ केलं होतं, तरी जेवताना विचारलं, ‘मामा, वर्गच का? दोन पॉइंट एक का नाही?’ मी म्हटलं, करून बघू.

जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. पायथॉनच्या पंचवीस-तीस ओळी. मध्ये पिवळा ठिपका सूर्याचा, बाजूला निळा पृथ्वीचा. दर दिवसाला पृथ्वीवरची ओढ काढायची, त्यावरून वेग आणि जागा बदलायची. घातांक अजून दोनच ठेवला होता, तरी दोन-तीन फेऱ्यांत पृथ्वी बाहेर सरकायला लागली. भाची घाबरलीच. मी मात्र हे ओळखून होतो. आमचं मशीन गोल कापतं तेसुद्धा बारीक सरळ रेघांचे तुकडे जोडून. तुकडा मोठा घेतला की गोल गोल राहत नाही. इथे आणखी एक भानगड होती: जागा जुन्या वेगाने सरकत होती. आधी वेग बदलायचा आणि त्या नव्या वेगाने जागा सरकवायची, एवढी दोन ओळींची अदलाबदल केली आणि पृथ्वी जागच्या जागी फिरायला लागली.

मग घातांक बदलला. 2.1 केला तर लंबवर्तुळ मिटेनाच. प्रत्येक फेरीनंतर सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू थोडा पुढे सरकतो आणि पडद्यावर पाकळ्यापाकळ्यांचं फूल उमटतं. कक्षा वर्तुळाच्या जवळची असेल तर ही सरक फेरीमागे साडेएकोणीस अंश येते. सूत्र सोपं आहे: तीनमधून घातांक वजा करा, त्याचं वर्गमूळ काढा आणि 360 ला त्याने भागा; 360 च्या वर जे उरेल ती सरक. घातांक 2 असेल तर उत्तर बरोबर 360, म्हणून वाट मिटते. घातांक 3 केला तर सगळाच खेळ संपतो. पृथ्वीला बाहेरच्या बाजूला एवढासा धक्का दिला तर ती गिरक्या घेत कायमची निघून जाते, आत दिला तर सूर्यात पडते. घातांक 1 केला तर ग्रह कितीही दूर ठेवा, गोल फिरायला वेग तेवढाच लागतो, आणि कितीही जोराने फेकला तरी तो परत येतो. अशा विश्वात मुक्तिवेग हा शब्दच नको. भाचीला हे फार आवडलं. ‘इथून कुणी पळून जाऊच शकत नाही,’ ती म्हणाली.

सगळ्यात गमतीचा नियम उलटा: अंतर वाढेल तशी ओढ वाढते, ताणलेल्या स्प्रिंगसारखी. इथे कक्षा पुन्हा लंबवर्तुळच येते, सुबक, मिटलेली. फक्त सूर्य एका बाजूच्या नाभीत नसतो, नेमका मध्यभागी असतो. आणि जवळचा असो की लांबचा, प्रत्येक ग्रह एक फेरी अगदी सारख्याच वेळात पूर्ण करतो. जोसेफ बर्ट्रांड नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1873 मध्ये सिद्ध केलं की अंतराच्या घाताने बदलणाऱ्या नियमांत सगळ्या बांधलेल्या कक्षा मिटतात त्या फक्त दोन ठिकाणी, व्यस्त वर्गाच्या नियमात आणि या स्प्रिंगच्या नियमात. मधलं-अधलं काही चालत नाही.

तर प्रदर्शन. एका हॉलमध्ये ओळीने टेबलं, मागे थर्माकोल, पुढे पालक. भाचीच्या टेबलावर लॅपटॉप आणि चार्ट. शेजारच्या टेबलावर सूर्यमाला: रंगवलेले थर्माकोलचे गोळे, मध्ये बल्ब, खाली एक मोटर आणि एकच दांडा. बटण दाबलं की आठही ग्रह एकदम फिरायचे. दिसायला छान होतं. मुलांनी मेहनतही खूप घेतली असणार, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

परीक्षक दोघे. एक फोनवर होते. दुसरे पुढे आले.

‘हे काय आहे?’

‘सर, गुरुत्वाकर्षणाचा घातांक बदलला तर कक्षा कशी होते ते दाखवलंय.’

‘कोणी बदलला?’

‘मी.’

‘तू बदललास?’ मागे दोन पालक हसले. ‘बाळ, निसर्गाचा नियम आहे तो. आपल्याला बदलता येतो का?’

‘नाही सर. म्हणूनच बदलून बघितला.’

मी आजवर अनेक मीटिंगांना बसलो आहे, इतकं नेमकं उत्तर कुणी दिलेलं मला आठवत नाही. सर मात्र गंभीर झाले. ‘उलट बोलायचं नाही. न्यूटन काय चुकीचा होता?’

इथे मी मध्ये बोलायला हवं होतं की नको, यावर घरी अजून मतभेद आहेत. पालकांनी बोलायचं नाही अशी सूचना होती, मी गप्प राहिलो. बोललो असतो तर हे सांगितलं असतं: सर, घातांक बदलून बघायची युक्ती न्यूटनचीच. 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने हेच केलं आहे. ओढीचा नियम वर्गापासून जरासा ढळला तर कक्षेचा लांबचा टोकाचा बिंदू दर फेरीला सरकेल, हे त्याने आधी गणिताने दाखवलं. मग आकाशात बघा म्हणाला, ग्रहांचे ते बिंदू जवळपास जागेवर आहेत, म्हणून घातांक दोनच. म्हणजे नियम बदलून बघितल्याशिवाय नियम बरोबर आहे हे त्यालाही म्हणता आलं नसतं. माझ्या भाचीचं फूल म्हणजे न्यूटनचा पुरावा, फक्त रंगीत.

आणि ‘जवळपास’ या शब्दात पुढचं सगळं रामायण आहे. बुधाचा सूर्याजवळचा बिंदू इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही शतकाला सुमारे 43 विकला जास्त सरकतो. हे कोडं सुटेना, तेव्हा मंगळाचे दोन्ही चंद्र शोधणारा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ असाफ हॉल याने 1894 मध्ये सुचवलं की घातांक 2 नसेल, 2.00000016 असेल. त्याची मात्रा बुधाला अचूक लागू पडली. चंद्राला मात्र पडली नाही. अर्नेस्ट ब्राऊनने चंद्राच्या गतीचा बारीक हिशेब केल्यावर हॉलचा घातांक बाद झाला. शेवटी 1915 मध्ये आइन्स्टाइनने ते 43 विकला दुसऱ्याच वाटेने मिळवून दिले. हॉलला कुणी ‘मूळ संकल्पना चुकीची’ असा शेरा दिल्याचं माझ्या वाचनात नाही. हॉलचा घातांक आम्हीही घालून बघितला. पडद्यावर काहीच दिसलं नाही. एका फेरीत एक दशांश विकला सरक, त्यापेक्षा आमच्या प्रोग्रॅमची चूक मोठी.

आता शेजारचं टेबल. एका दांड्यावर फिरणारे आठ ग्रह, सगळ्यांची फेरी एकाच वेळात, सूर्य बरोबर मध्यभागी. खऱ्या सूर्यमालेत बुध 88 दिवसांत फेरी मारतो आणि नेपच्यून जवळजवळ 165 वर्षांत. सगळ्यांना सारखाच वेळ लागतो तो फक्त स्प्रिंगच्या नियमात. म्हणजे ज्या मॉडेलला पहिला नंबर मिळाला त्यात घातांक दोन नव्हताच. भाचीने नियम बदलला आणि तसं चार्टवर लिहिलं. तिथे तो बदलला गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रदर्शनांतून एका मोटरीची सूर्यमाला बंद करा, हे माझं स्पष्ट मत आहे. निदान पाटी तरी लावा.

इतकं लिहून झाल्यावर एक गोष्ट राहते, आणि ती सांगितली नाही तर त्या सरांवर अन्याय होईल. जाता जाता ते पुन्हा वळले, पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, ‘या पाकळ्या नियमामुळे आल्यात की तुझ्या कॉम्प्युटरच्या आकडेमोडीमुळे?’ दिवसभरात बाकी सगळ्यांनी विचारलं होतं ते एवढंच, की हे कुठून डाउनलोड केलं. हा प्रश्न मात्र अस्सल होता. भाचीने वेळेचा टप्पा निम्मा करून दाखवला, मग चतुर्थांश. पाकळ्या तेवढ्याच राहिल्या. सरांनी मान डोलावली. आणि मग तो शेरा लिहिला. गृहस्थ मूर्ख असते तर मी केव्हाच विसरलो असतो. ज्याला हा प्रश्न सुचतो त्याला तो शेराही सुचतो, हे मला अजून जुळवता येत नाही. कदाचित छापील तक्त्यात ‘संकल्पना’ असा रकाना होता आणि तो भरायचा होता. कदाचित त्यांनी आयुष्यभर मुलांच्या वहीतला चुकीचा घातांक लाल शाईने खोडला असेल. त्यांची बाजू मांडायला लागलो की बायको म्हणते, मग एवढा चिडतोस कशाला?

भाचीने अकरावीला कॉमर्स घेतलं. प्रदर्शनाचा त्याच्याशी संबंध नाही, असं ती म्हणते. सीए व्हायचंय. असो. शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा मी एकटाच प्रोग्रॅम उघडतो. सध्या घातांक सोडला आहे आणि गुरुत्वस्थिरांक जी याच्या मागे लागलो आहे. हा स्थिरांक खरंच स्थिर आहे का? आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर 1964 मध्ये, वयाच्या पंचविशीत, गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यातून पुढे काळाबरोबर जी कमी होत जाईल अशी शक्यता निघाली. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून घेतलेली मोजमापं सांगतात की तसा बदल असलाच तर वर्षाला एक लाख कोटी भागांत एक भागापेक्षाही कमी आहे. माझ्या लॅपटॉपवर मात्र मी तो मनसोक्त कमी करतो. सावकाश निम्मा केला की पृथ्वी दुप्पट लांब जाते आणि वर्ष चौपट होतं.

परवा भाची मागे येऊन उभी राहिली. ‘मामा, हा जी दर वर्षी ठरावीक आकड्याने कमी होतोय की ठरावीक टक्क्याने?’

‘आकड्याने. साधी वजाबाकी.’

‘म्हणजे घसारा सरळ रेषेतला. मग एक दिवस तो शून्याच्या खाली जाणार. तेव्हा?’

‘तेव्हा सूर्य पृथ्वीला ओढायच्या ऐवजी ढकलेल.’

‘चालव तिथपर्यंत,’ ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.