सातपुड्याच्या पायथ्याहून दोन पत्रे

नंदुरबार

ती. ताईस सा. न.,

नवापूर स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. सुरतेची गाडी तिथून पुढे नंदुरबारला पोचते. हंगामात इथे गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते. ती पसरायला बायाच. पाळीत ओणवं काम करताना कळ आली, तर ‘असतंच ते’ म्हणून गिळायची. पुण्यामुंबईतही हीच रीत. पण त्या कळेमागे आजार असू शकतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर रुजते आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटतं. बीजाशय ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीला, मोठं आतडं गर्भाशयाच्या पाठीला, मूत्रवाहिनी या चिकटलेल्या भागामागे दडलेली. त्यामुळे दुर्बिणीच्या ऑपरेशनात कापणं नंतर. आधी दिसायला हवं! पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात. या कलत्या अवस्थेला ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनचं नाव आहे.

धडगाव

ती. ताईस सा. न.,

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढला की धडगाव. इथल्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल बराच, आणि तो ऑपरेशन टेबलावरही आडवा येतो. थंडी, पाण्याची कमतरता, कमी ऑक्सिजन, रक्तातली आम्लता, यांपैकी कशानेही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. पोटातला वायू रक्तात मुरून आम्लता वाढवतो. डोकं खाली गेलं की फुफ्फुसांवर दाब येतो. सर्जनला उतार आणि वायू दोन्ही जास्त हवे, भूलतज्ज्ञाला कमी.

या पेचात साधा दोरा कामाला येतो. बीजाशयातली जुन्या रक्ताची गाठ, म्हणजे चॉकलेट सिस्ट, रिकामी करून बीजाशय सोडवायचं. मग ओटीपोटावरून सरळ सुई आत घालायची, बीजाशयातून ओवून पुन्हा बाहेर काढायची आणि दोऱ्याची टोकं कातडीवर चिमट्यात धरायची. बीजाशय पुढच्या भिंतीला टांगलं जातं, सर्जनचे दोन्ही हात मोकळे होतात. आतड्याला लोंबणारे चरबीचे गोंडेही असेच टाक्याने वर ओढून घेतात. खालून मॅनिप्युलेटर नावाच्या दांडीने गर्भाशय उचललेलं असतंच. मूत्रवाहिनी मात्र चिकटलेल्या जागी शोधायची नाही. वर, ती मोठी धमनी ओलांडते तिथे निरोगी भागात गाठायची आणि खाली माग काढत यायचं. हलकेच डिवचली की ती वळवळते, तीच तिची ओळख.

महागडं यंत्र यात कुठेच नाही. अडतं ते शिकलेल्या हातावर. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी आतड्यात रुजलेला आजार सुरत, नाशिक किंवा पुण्यामुंबईच्या मोठ्या केंद्रातच न्यावा. पुण्यात २०१७ साली डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूने प्रत्यारोपणासाठी गर्भाशयसुद्धा दुर्बिणीतून काढलं होतं. अशा केंद्रात जाताना फाइलीत सिकलसेलचा इलेक्ट्रोफोरेसिस रिपोर्ट हवाच. शहरातला सर्जन तो आपण होऊन मागेलच असं नाही.