क्रोमवर चालतं, मग अडतं कुठे?

बेंगळुरूच्या वेब-व्यवसायानं २०१५ साली एक मोठा प्रयोग करून पाहिला. मार्चमध्ये फ्लिपकार्टनं मोबाइल ब्राउझरमधून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी संकेतस्थळ बंद करून त्यांना ॲपकडे वळवलं. मे महिन्यात मिंत्रानं तर डेस्कटॉपसकट सगळंच गुंडाळलं. वेबची सद्दी संपली, असा सूर तेव्हा लागला होता. पण नोव्हेंबरात फ्लिपकार्ट ‘फ्लिपकार्ट लाइट’ घेऊन वेबवर परत आलं आणि जून २०१६ मध्ये मिंत्राचं डेस्कटॉप संकेतस्थळही पुन्हा उघडलं. फ्लिपकार्ट लाइटवर लोक पूर्वीच्या तिप्पट वेळ थांबतात आणि डेटा एक तृतीयांशच लागतो, असे आकडे नंतर प्रसिद्ध झाले. ते गूगलनंच दिलेले, म्हणजे आपल्या बाब्याचं कौतुक त्यात आलंच. पण निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक टूजीवर होतं हे त्याच आकड्यांत दिसतं, आणि अशा जोडणीवर दुकानात शिरण्याआधीच ॲप उतरवून घ्या म्हणणं किती महाग पडतं, हे समजायला आकडेही लागत नाहीत.

हे परतणं शक्य झालं ते ‘सर्व्हिस वर्कर’ या नव्या वेब-मानकामुळे. पानाचा सांगाडा फोनमध्येच साठवून ठेवायचा आणि नेटवर्क रखडलं तरी तो दाखवायचा, हे त्याचं काम. क्रोममध्ये ते जानेवारी २०१५ ला आलं, फायरफॉक्समध्ये वर्षभरानं, आणि सफारीत थेट मार्च २०१८ मध्ये. यावरून आमच्या धंद्यातल्या अनेकांनी धडा घेतला तो असा की क्रोमवर चाललं म्हणजे झालं, बाकीचे येतील मागून. मला हा धडाच चुकीचा वाटतो. सर्व्हिस वर्कर नसलेल्या ब्राउझरमध्ये पान मोडत नाही, फक्त ती जादा सोय मिळत नाही. मात्र त्यासाठी ‘तुला हे जमतं का?’ असं ब्राउझरला विचारून मगच पुढे जायला हवं. ‘तू कोण?’ असं विचारून उपयोग नसतो. क्रोम स्वतःची ओळख सांगताना आजही ‘मोझिला/५.०’नं सुरुवात करतो आणि शेवटाकडे ‘सफारी’ म्हणतो. ‘मोझिला’, ‘सफारी’ ही नावं पाहूनच नीट पान देणाऱ्या जुन्या संकेतस्थळांना चकवण्यासाठी ब्राउझरांनी घेतलेली ही सोंगं आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की भारतात बहुतेक लोक क्रोमच वापरतात, मग उरलेल्यांसाठी खर्च का करायचा? पण हा ‘क्रोम’ एक नाही. आयफोनवरच्या क्रोमच्या आत भारतात सफारीचंच वेबकिट इंजिन असतं. अँड्रॉइड ५ पूर्वीच्या फोनांत ॲपच्या आत पानं उघडणारा वेबव्ह्यू प्रणालीलाच जखडलेला होता, स्वतंत्रपणे अद्ययावत होत नव्हता. शिवाय क्रोम नेहमी पुढे आणि सफारी नेहमी मागे, हेही खरं नाही. पानाची उंची ‘१०० व्हीएच’, म्हणजे पडद्याइतकी पूर्ण, दिली की मोबाइल सफारीत खालचं ‘विकत घ्या’ बटण ब्राउझरच्या पट्टीखाली दडतं, हे दुखणं जुनं. त्यावरचं ‘डीव्हीएच’ हे एकक सफारीनं मार्च २०२२ मध्ये आणलं. क्रोममध्ये ते त्याच वर्षाच्या अखेरीस आलं. आजही जुन्या फोनांसाठी आधी ‘व्हीएच’ आणि खालच्या ओळीत ‘डीव्हीएच’ असं लिहावं. न कळणारी ओळ ब्राउझर निमूट सोडून देतो. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची रचनाच मुळी तशी आहे. एका ओळीचा हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात मावतो.

मानकं संथ चालतात, एकाच कंपनीनं ठरवलं तर काम भराभर होईल, हा दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. समित्या वेळ घेतात, हे खरंच. पण एकहाती सत्तेचा वेग किती, तेही पाहून झालंय: इंटरनेट एक्सप्लोरर ६ आलं २००१ मध्ये, बाजार जवळपास सगळा त्याच्या हाती गेला आणि सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. आमच्याकडची कितीतरी सरकारी पानं त्यानंतरही वर्षानुवर्षं त्या एका ब्राउझरचीच शिफारस करत राहिली. उलट २०२२ पासून ‘इंटरॉप’ या उपक्रमात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी कोणत्या सुविधा सगळीकडे सारख्या चालाव्यात ते ठरवतात आणि एकाच चाचणीसंचावर प्रत्येकाचे गुण जाहीर होतात. ‘कंटेनर क्वेरी’, म्हणजे चौकटीच्या आकारानुसार आतली मांडणी बदलण्याची सोय, हे मागाहून येऊनही लवकर रुळलेलं उदाहरण: ऑगस्ट २०२२ मध्ये क्रोममध्ये, पुढच्याच महिन्यात सफारीत आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये, म्हणजे सगळं मिळून सहा महिन्यांत.