सूर कां तुटला?

सुखाचीं साधनें घरांत आलीं म्हणजे त्यांच्या पाठोपाठ सुखही येतेंच, असें नाहीं. साधन समजून घेण्याचे कष्ट ज्यानें घेतले नाहींत, त्याला तें कधीं कधीं घरांतील बेबनावाचें कारण होतें. गेल्या वर्षीं आमच्या घरीं घडलेली एक लहानशी गोष्ट या सत्याची साक्ष देते. ती सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. तथापि विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस तिचा कांहीं उपयोग होईल, म्हणून ती येथें देत आहों.

आमचे वडील आतां ऐंशीच्या पुढें गेले आहेत. दृष्टि मंदावल्यामुळें वाचन सुटलें, गुडघ्यांमुळें उपासनेस मंदिरांत जाणें सुटलें. राहिलें तें गाणें ऐकणें. म्हणून आम्हीं त्यांच्या खोलींत एक संगीतयंत्र आणि दोन ध्वनिक्षेपक बसविले. हें यंत्र तबकडी वाजवीत नाहीं. इंटरनेटवरून येणारें संगीत घरच्या राउटरकडून बिनतारी घेऊन वाजवितें. रोज रात्रीं आठ वाजतां प्रार्थनेपूर्वीं रेव्हरंड टिळकांचें एखादें भजन लावावें व वडिलांनीं बोटांनीं ठेका धरावा, असा परिपाठ पडला.

आठवड्याच्या आंतच विघ्न आलें. भजन ऐन रंगांत आलें कीं सूर तुटे. दहा-वीस सेकंद शांतता. मग पुन्हां मधूनच गाणें सुरू. वडिलांचें बोट हवेंत तसेंच थांबून राही. त्यांनीं तक्रार केली नाहीं. एके रात्रीं एवढेंच म्हणाले, “राहूं दे रे. मला या यंत्राची संवय नाहीं.” तें ऐकून आम्हांस फार वाईट वाटलें, आणि वाईट वाटलें म्हणजे मनुष्य दोष ठेवण्यास कोणी तरी शोधूं लागतो.

आमचा मुलगा दहावींत आहे. त्याच्या हातांत मोबाईल दिसला आणि आम्हीं तेथल्या तेथें निकाल दिला. “तूं चित्रपट पाहत बसतोस, म्हणून आजोबांचें गाणें तुटतें.” तो म्हणाला, “बाबा, मीं कांहींच लावलें नव्हतें.” आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं. मोबाईल काढून घेतला व कपाटांत बंद करून ठेवला. चार दिवस मुलगा आमच्याशीं मोजकेंच बोलला. आणि त्या चारही रात्रीं मोबाईल कुलपांत असतांना गाणें तुटलेंच!

तेव्हां आमचे डोळे उघडले. कारण शोधावयाचें तर एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, हें शाळेंत मुलांस शिकवितों. घरीं मात्र तें विसरलों होतों. मुलाला जवळ बोलाविलें आणि दोघांनीं मिळून प्रथम हिशेब मांडला. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या तोलाचें संगीत म्हणजे दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला, तो १४,११,२०० बिट आला. आमच्या घरची जोडणी सेकंदास ५० मेगाबिटांची, म्हणजे ५ कोटी बिटांची. गरजेच्या सुमारें पस्तीसपट! मुलगा खरोखरच चित्रपट पाहत असता तरी आजोबांच्या गाण्यास तोटा पडला नसता. हा पांच मिनिटांचा हिशेब आम्हीं चार दिवस आधीं केला नाहीं.

नंतर परीक्षा घेतल्या. संगणक केबलीनें थेट राउटरला जोडला. वेग पुरा मिळाला. म्हणजे बाहेरून येणारी जोडणी निर्दोष. संगीतयंत्र उचलून राउटरजवळ ठेवलें. तासभर एकही खंड पडला नाहीं. म्हणजे यंत्रही निर्दोष. आतां उरली ती मधली वाट. आमचा राउटर पुढच्या खोलींत पोलादी कपाटाच्या मागें होता. तो दिसूं नये म्हणून आम्हींच तो तेथें ठेवला होता. पलीकडे स्वयंपाकघर, आणि त्याच्यापलीकडे वडिलांची खोली. बिनतारी लहरी मुख्यत्वेंकरून दोन पट्ट्यांत चालतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी प्रशस्त, पण भिंतींपुढें लवकर थकणारी, २.४ गिगाहर्ट्झची दूरवर पोंचणारी, पण गर्दीची. लोखंड तर दोहींसही परत फिरवितें. पहिली पट्टी वडिलांच्या खोलीपर्यंत पोंचतच नव्हती. यंत्र दुसरीवर कसाबसा तग धरून होतें.

पण आठ वाजतांच काय होई? तें पत्नीनें ओळखलें. ती म्हणाली, “अहो, आठ वाजतां मी मामंजींचें जेवण गरम करायला ठेवतें ना!” अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालते. तिच्यांतून निसटणारा अल्पसा अंश अशक्त बिनतारी संदेश बुडवून टाकण्यास पुरेसा होतो. यंत्र कांहीं सेकंदांचें संगीत आधीं सांठवून ठेवतें खरें. परंतु नळ बंद झाल्यावर लहानसा रांजण किती वेळ पुरणार? भट्टी दोन-तीन मिनिटें चाले, आणि तेवढ्यांत रांजण रिता होई.

उपाय सोपा निघाला. दुकानदारानें हजारों रुपयांची एक केबल दाखवून तिनें सूर गोड होतात असें सांगितलें. आम्हीं नम्रपणें ती परत केली. या केबलींतून सूर जात नाहींत, आंकडे जातात. एखादा आंकडा वाटेंत चुकला तर तो पुन्हां मागविला जातो. चंदनी पेटींतून आलें म्हणून पत्रांतील मजकूर कांहीं गोड होत नाहीं! कांहींशें रुपयांची साधी कॅट-६ केबल घेतली. अशी केबल १०० मीटरपर्यंत काम देते. आम्हांस वीसच लागली. एका शनिवारीं मुलानें व आम्हीं ती भिंतीच्या कडेनें ठोकून यंत्रापर्यंत नेली.

ज्यांस केबल नेणें शक्य नसेल त्यांनीं राउटर कपाटाच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागीं ठेवावा, यंत्र जवळ असल्यास ५ गिगाहर्ट्झची पट्टी द्यावी, आणि २.४ चीच वापरावी लागल्यास एकमेकांवर न येणाऱ्या १, ६ व ११ या मार्गांपैकीं शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो निवडावा. अधिक वेगाची, अधिक दराची जोडणी घेण्यापूर्वीं एवढें करून पाहावें.

त्या रात्रीं आठ वाजतां भट्टी चालू होती आणि भजनही चालू होतें. वडिलांचें बोट शेवटच्या चरणापर्यंत थांबलें नाहीं. प्रार्थनेपूर्वीं आम्हीं सर्वांदेखत मुलाची क्षमा मागितली. तो लाजून म्हणाला, “असूं द्या, बाबा.” वडील कांहीं बोलले नाहींत, त्यांनीं नातवाचा हात हातीं घेतला.

विद्यार्थ्यांनो, हिशेब व परीक्षा हीं केवळ पेपरापुरतीं नाहींत. आणि पालकहो, कुसळ व मुसळ यांचा दृष्टांत आपण सर्वांस ठाऊक आहे. आम्हीं तर आपलें मुसळ पोलादी कपाटाच्या मागें स्वतःच्या हातांनीं ठेवलें होतें. घरांत सूर तुटला तर मुलावर शब्द टाकण्यापूर्वीं एकदां त्या कपाटामागें पाहावें, एवढीच विनंती.